नेट तुटतंय कुठं? आधी जागा शोधू, मग पैसे देऊ



आज आपण घरच्या कॉम्प्युटरच्या नेटविषयी बोलणार आहोत. मोबाइलच्या नेटविषयी नाही, तर वायरने येणाऱ्या नेटविषयी. हे नेट पूर्ण बंद पडलं तर गोष्ट सोपी असते. बंद आहे, माणूस बोलवा, दुरुस्त करून घ्या. खरा त्रास होतो तो येतं-जातं, येतं-जातं, अशा नेटचा. दुरुस्तीवाला येतो तेव्हा छान चालतं. तो फाटकाबाहेर गेला की पुन्हा तुटतं. मग तो म्हणतो, "ताई, तुम्हाला वापरता येत नाही."

आमच्या प्रभागात बऱ्याच गावांत ग्रामसंघाचं काम एखाद्या ताईच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. गटांचे हिशेब, कर्जाच्या प्रस्तावाचे कागद, मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं तिथेच होतं. अर्ज भरायला बायका एक दिवसाची मजुरी बुडवून येतात. अर्ध्या अर्जात नेट तुटलं की ओटीपीची वेळ संपते आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागतं. दोनदा असं झालं की बाई हात हलवत घरी जाते. आणि बोल कुणाला लागतो? जिच्या घरी कॉम्प्युटर आहे त्या सुनेला. "हिला जमत नाही, उगाच मशीन आणून ठेवलंय," असं घरातलेच म्हणतात.

एका गावात तर तालुक्याच्या दुकानदाराने कॉम्प्युटरचा आतला बोर्ड बदलायला सांगितला. साडेतीन हजार रुपये खर्च सांगितला. ते पैसे गटाच्या फंडातून जाणार होते. बैठकीत सगळ्या जणी म्हणाल्या, पैसे देऊ, पण आधी बिघाड कुठं आहे ते कळू दे. तो कसा शोधला आणि शेवटी काय निघालं, ते पुढे सांगते. आधी वही-पेन घेऊन बसा.

नेट येतं कसं

नळाचं पाणी घरी कसं येतं ते आपल्याला पाठ आहे. टाकी, मेन लाईन, गल्लीतला कॉक, घरातला पाइप, शेवटी नळ. पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलत नाही. आधी शेजारणीला विचारतो, "तुझ्याकडे आलं का गं?" तिच्याकडे आलं असेल तर बिघाड आपल्या घरात. तिच्याकडेही नसेल तर लाईनमध्ये.

नेटचंही तसंच आहे. बाहेरून फायबरची बारीक तार घरात येते. तिच्यात काचेचा केसासारखा धागा असतो आणि त्यातून उजेड धावतो. ती तार भिंतीवरच्या बॉक्सला लागते. कुणी त्याला मोडेम म्हणतं, कुणी राउटर. आज आपण त्याला बॉक्सच म्हणू. बॉक्सला विजेचा ॲडॅप्टर असतो. बॉक्समधून एक जाड वायर निघते, तिला लॅन केबल म्हणतात. ती कॉम्प्युटरच्या मागे लागते. मग कॉम्प्युटरच्या आतला भाग आणि त्याची सेटिंग.

म्हणजे टप्पे झाले पाच: बाहेरची लाईन, बॉक्सची वीज, बॉक्स, लॅन केबल आणि कॉम्प्युटर. नेट यातल्या एका टप्प्यावर तुटतं. आपलं काम एवढंच की तो टप्पा कोणता ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडला का ते बघायचं. वायर बदलली, बॉक्स हलवला, सेटिंगही बदलली आणि नेट सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही. आठ दिवसांनी पुन्हा तुटलं की पुन्हा पहिल्यापासून शोधा.

वही ठेवा

येत्या-जात्या बिघाडाला पकडण्याचं पहिलं हत्यार म्हणजे वही. आपल्याला गटाची नोंद ठेवायची सवय आहेच. तशीच नेटची नोंद आठवडाभर ठेवा. नेट तुटलं की लिहायचं: वार, वेळ, किती वेळाने परत आलं, गावात लाईट होती का, बॉक्सवरचे कोणते दिवे बंद झाले, मोबाइलवर वायफाय चालू होतं का आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं.

एका ताईच्या वहीत अशी नोंद होती: "मंगळवार, ११ वाजून १० मिनिटं. ४ मिनिटांनी आलं. लाईट होती. लाल दिवा नाही. मोबाइलवर चालू. झाडू मारत होते." आता झाडू मारण्याचा आणि नेटचा काय संबंध, असं वाटेल. पण तीन दिवस तीच नोंद आली, तेव्हा संबंध कळला. तोही पुढे सांगते.

बॉक्सचे दिवे वाचा

बॉक्सवर छोटे दिवे असतात. इंग्रजी येत नसेल तरी चालेल, तीनच दिवे ओळखायचे आहेत. मुलांकडून ओळखून घ्या आणि खाली पट्टी चिकटवून मराठीत लिहा.

पहिला दिवा पॉवरचा, म्हणजे विजेचा. नेट तुटताना हा दिवा किंवा सगळेच दिवे विझून एकामागून एक परत लागत असतील, तर बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू होतोय. बिघाड विजेचा आहे. एका गावात गटाची पिठाची गिरणी त्याच घरात आहे. गिरणीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली जायचं आणि बॉक्स बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. घरातले बल्ब क्षणभरच मंद व्हायचे, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण बॉक्सला पुन्हा नेट पकडायला दोन-तीन मिनिटं लागतात. वहीत गिरणीची वेळ आणि नेट तुटण्याची वेळ एकच निघाली. बॉक्सला छोटा यूपीएस लावला आणि त्रास थांबला. कधीकधी ॲडॅप्टरच म्हातारा झालेला असतो किंवा त्याची पिन ढिली असते. नवा घेताना जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तेच हवेत, आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत. जुना ॲडॅप्टर दुकानात सोबत न्या.

दुसरा दिवा एलओएस नावाचा. तो एरवी बंद असतो. तो लाल लागला किंवा लाल लुकलुकला, तर फायबरमधून उजेड नीट येत नाही. तार कुठे तुटली असेल, खिळ्याभोवती फार वाकली असेल, बॉक्सपाशी ढिली झाली असेल किंवा खांबावर काही झालं असेल. हे काम नेट देणाऱ्या कंपनीचं. यासाठी कॉम्प्युटरवर एक रुपयाही खर्च करायचा नाही.

तिसरा दिवा लॅनचा. हा बॉक्स आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या वायरचा. कॉम्प्युटर चालू असताना तो लागलेला किंवा लुकलुकता हवा. कॉम्प्युटरच्या मागे वायर लागते त्या खाचेपाशीही असे बारीक दिवे असतात. नेट तुटताना हे दिवे विझत असतील, तर संशय केबलवर, तिच्या टोकाच्या जॅकवर किंवा खाचेवर.

शेजारणीला विचारा

आता पाण्यासारखीच परीक्षा. मोबाइल बॉक्सच्या जवळ घ्या, वायफाय लावा. मोबाइलचा स्वतःचा डेटा आठवणीने बंद करा, नाहीतर मोबाइल सिमवरून नेट घेईल आणि आपली फसगत होईल. कॉम्प्युटरचं नेट तुटलं की त्याच क्षणी मोबाइलवर एखादं नवं पान उघडून बघा.

मोबाइलवर चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, तर बाहेरची लाईन ठीक आहे, बॉक्सही बहुतेक ठीक आहे. बिघाड केबल किंवा कॉम्प्युटरमध्ये. दोन्हीकडे बंद असेल, तर बॉक्स, त्याची वीज किंवा बाहेरची लाईन. या एका परीक्षेने अर्धं काम होतं, आणि तिला खर्च काहीच नाही.

केबल तपासा

घरातल्या बिघाडात केबलचा संशय आधी घ्यावा, कारण ती तपासणं सोपं आणि स्वस्त. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. त्यातली एक तार आतून मोडली तरी बाहेरून काही दिसत नाही. मोडलेली टोकं टेकली की नेट चालतं, सुटली की जातं. म्हणून तर ते येतं-जातं.

आता झाडूची गोष्ट. त्या घरात केबल दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत नेली होती. झाडताना ताई दार लोटायची आणि केबल दाबली जायची. सगळा बिघाड तो एवढाच. आणि हेच ते घर, जिथे साडेतीन हजारांचा बोर्ड बदलायचा होता. आम्ही शेजारच्या गावातून एक चांगली केबल दोन दिवसांसाठी मागून आणली, दारातून न नेता सरळ जमिनीवरून लावली. दोन दिवस नेट एकदाही तुटलं नाही. मग नवी केबल घेतली आणि भिंतीच्या वरच्या कडेने पट्टीतून नेली. केबल, पट्टी सगळं धरून खर्च काही शेकड्यांत भागला. बोर्ड आजही जुनाच आहे. त्या सुनेला आता घरात कुणी बोलत नाही, उलट शेजारची माणसं आपला बॉक्स दाखवायला तिला बोलावतात.

केबल तपासायची ती अशी. दोन्ही टोकं काढून पुन्हा लावा, "टक्" असा आवाज यायला हवा. जॅकवरची प्लास्टिकची जीभ मोडली असेल तर जॅक हळूहळू बाहेर सरकतो. नुसता जॅक बदलता येतो, तो फार स्वस्त असतो, फक्त तो दाबून बसवायचं हत्यार असलेल्या माणसाकडून बसवून घ्या. मग सगळ्या लांबीवरून बोट फिरवा: उंदराने कुरतडली का, पलंगाच्या पायाखाली आली का, खिळ्याने दबली का. बॉक्सला आणखी मोकळ्या खाचा असतील तर केबल दुसऱ्या खाचेत लावून एक दिवस बघा. शेवटी दुसरी केबल लावून बघा. प्रत्येक बदल वहीत.

नवी केबल घेताना "पूर्ण तांब्याची द्या" असं सांगा. काही स्वस्त केबलींत ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो, त्या वाकवल्या की लवकर मोडतात. कॅट पाच-ई किंवा कॅट सहा, यातली कोणतीही घरासाठी पुरते. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यापुढे नाही. विजेच्या वायरीला चिकटून ती नेऊ नका, थोडं अंतर ठेवा. आणि तुटली तर पीळ मारून, चिकटपट्टी लावून जोडू नका. बल्बच्या वायरीला ते कसंबसं चालून जातं, या केबलला चालत नाही.

कॉम्प्युटरला विचारा

केबल बदलली, खाच बदलली, तरी तुटतंय? मग कॉम्प्युटरलाच विचारायचं. हे कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सोबत घेऊन करा, एकदा केलं की तुम्हालाही येतं.

स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करून एंटर दाबा, काळी खिडकी उघडते. त्यात आय-पी-कॉन्फिग असं जोडून टाइप करा. "डिफॉल्ट गेटवे" समोर आकडे दिसतील, बहुधा १९२.१६८.१.१ असे. तो आपल्या बॉक्सचा पत्ता. आता पी-आय-एन-जी, जागा सोडून तो पत्ता, जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून टी, असं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करून एंटर दाबा. कॉम्प्युटर बॉक्सला सतत हाक मारत राहतो. "रिप्लाय" आला म्हणजे बॉक्सने ओ दिली. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं म्हणजे हाकेला उत्तर नाही.

आता दुसरी काळी खिडकी उघडून तसंच करा, पण पत्ता ८.८.८.८ टाका. ही गावाबाहेरची, दूरची हाक. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा आणि आपलं काम करत राहा. नेट तुटलं की बघा. दोन्ही खिडक्या थांबल्या, तर बिघाड घरात, म्हणजे केबल, कॉम्प्युटर किंवा बॉक्स. बॉक्सची ओ येतेय पण दूरची थांबली, तर बिघाड बाहेरच्या लाईनचा, कंपनीला फोन करा. दोन्हींची ओ येतेय आणि फक्त एकच सरकारी पान उघडत नाही, तर आपलं नेट चांगलं आहे. शेवटच्या तारखेला गर्दीमुळे ते पानच चालत नसेल. खिडकी थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा.

आय-पी-कॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कॉम्प्युटरला बॉक्सकडून पत्ता मिळालेला नाही. तेव्हा पुन्हा केबल आणि बॉक्सकडे बघा.

एक सेटिंगही बघून घ्या. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर कधीकधी नेटचा आतला भाग झोपवतो. डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क ॲडॅप्टर्स, तिथे वायरच्या नेटच्या नावावर दोनदा क्लिक, मग पॉवर मॅनेजमेंट. तिथे वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करू द्यायचा का, अशा अर्थाची ओळ असते, तिच्यापुढची खूण काढा. आणि शेवटची परीक्षा: तीच केबल कुणाच्या लॅपटॉपला लावा. लॅपटॉपवर दिवसभर नेट तुटलं नाही, तरच कॉम्प्युटरच्या आतल्या भागावर संशय घ्यायचा. तेव्हाही लगेच बोर्ड बदलू नका. यूएसबीला लागणारा लॅनचा छोटा ॲडॅप्टर मिळतो, त्याने बोर्डापेक्षा कितीतरी कमी पैशात काम भागतं.

हे करू नका

बॉक्सला मागे एक बारीक भोक असतं, आत रीसेटचं बटण. त्यात काडी घालू नका. त्याने कंपनीने भरलेली माहिती पुसली जाऊ शकते आणि अधूनमधून येणारं नेटही कायमचं जातं. बॉक्स बंद करून पुन्हा चालू करायचा असेल तर विजेचं बटण वापरा.

तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, आतला उजेड दिसत नसला तरी डोळ्याला वाईट. काचेचे तुकडेही बोटात जातात, मुलांना लांब ठेवा. खांबावर कुणी चढायचं नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडायच्या आधीच बॉक्सचा ॲडॅप्टर आणि केबल काढून ठेवा, कडाडत असताना हात लावू नका.

आणि कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नका, बिलावरचाच घ्या. खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत. नेट दुरुस्तीला बँकेचा ओटीपी लागत नाही आणि मोबाइलमध्ये अनोळखी ॲप घालावं लागत नाही. कुणी मागितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

तक्रार कशी करायची

"नेट नीट चालत नाही" एवढंच सांगितलं तर समोरचा म्हणतो, "बॉक्स बंद करून चालू करा," आणि फोन ठेवतो. वही समोर घेऊन सांगा: "गेल्या सात दिवसांत नऊ वेळा तुटलं. मोबाइलवरही बंद होतं. एलओएसचा लाल दिवा लागतो. घरातली केबल बदलून बघितली. बॉक्सची ओ येते, बाहेरची येत नाही." असं सांगणाऱ्या बाईला कुणी "तुम्हाला वापरता येत नाही" म्हणत नाही. तक्रारीचा नंबर मागा, तारखेसह वहीत लिहा. माणूस आला की त्याने काय केलं, काय बदललं, तेही लिहा आणि त्याच्यासमोरच वाचून दाखवा.

२०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना सरकारने मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. तार गावापर्यंत येणं हे सरकारचं आणि कंपनीचं काम. पण घरात आलेली तार सांभाळणं आणि बिघाड कुठं आहे ते ओळखणं, हे आपल्याला करता येतं.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. एक, चांगली असल्याची खात्री केलेली एक जास्तीची लॅन केबल कपाटात ठेवायची, ज्या घराला गरज असेल तिथे परीक्षेसाठी द्यायची आणि परत घ्यायची. दोन, दोघी जणींनी दिवे वाचणं आणि काळ्या खिडकीची परीक्षा शिकून घ्यायची, मग बाकीच्यांना दाखवायची. दोघी म्हणते, कारण एक माहेरी गेली तर काम अडायला नको. तीन, अर्जाची शेवटची तारीख असेल त्याच्या चार दिवस आधी अर्ज भरायचे, आणि नेट गेलंच तर कुणाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं.

आता सगळं एकदा थोडक्यात. वहीत नोंद. बॉक्सचे तीन दिवे. मोबाइलची परीक्षा. मग केबल. मग काळी खिडकी. एका वेळी एकच बदल. आणि जागा सापडल्याशिवाय गटाचा एक रुपयाही द्यायचा नाही.

तुमच्या गावात नेट कशामुळे तुटत होतं आणि तुम्ही ते कसं शोधलं, ते आम्हाला नक्की कळवा. एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाचा खर्च वाचवतो.